कार्बोरेटरच्या जिप्सीत एमपीएफआय इंजिन : आधी कागद, मग पाना

प्रश्न : आमच्याकडे 1998 सालची मारुती जिप्सी किंग आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि ते गेल्यापासून मी चालवतो. आम्ही कराडला राहतो. पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची थोडी शेती असून तिथे पोहोचण्याचा शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता मुरमाचा आणि उभ्या चढाचा आहे. गेल्या दोन वर्षांपासून गाडी सकाळी चोक ओढूनही तीन-चार वेळा स्टार्टर मारल्याखेरीज सुरू होत नाही, चढावर लो गिअरमध्ये असताना अचानक बंद पडते आणि मग पेट्रोलचा वास सुटतो. ॲव्हरेज सातच्या वर जात नाही. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींचे म्हणणे आहे की कार्बोरेटरचा नाद सोडा, एस्टीमचे एमपीएफआय इंजिन भंगारात मिळते, ते आठ दिवसांत बसवून देतो. मुलगा म्हणतो की खर्च करायचाच तर जुन्या बलेनोचे 1.6 लिटरचे इंजिन टाकू. गाडी विकण्याची कोणाचीच तयारी नाही. इंजिन बदलावे का, कोणते घ्यावे, आणि आरटीओत काही अडचण येईल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नमस्कार. आपण विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी तिसरा प्रश्न खरे तर पहिला आहे, आणि त्याच्या उत्तरावर बाकीच्या दोघांची उत्तरे अवलंबून आहेत. तरीही निर्णय आधीच सांगून ठेवतो. एमपीएफआय इंजिन (कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणारे) आपल्या जिप्सीत बसते आणि नीट बसवले तर उत्तम चालते. परंतु मिस्त्री सुचवतात त्या रीतीने, म्हणजे भंगारातून नुसते इंजिन उचलून आठ दिवसांत, ते बसवू नये. आणि आपण लिहिलेली लक्षणे वाचल्यावर मला असेही वाटते की इंजिनाला हात लावण्याआधी आपल्या कार्बोरेटरची एकदा नीट तपासणी व्हायला हवी, कारण ती अद्याप झालेलीच दिसत नाही.

चढावर गाडी बंद पडल्यानंतर पेट्रोलचा वास येतो, हे आपण सहज लिहून गेला आहात, पण निदानाच्या दृष्टीने आपल्या पत्रातले ते सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा व पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात, पेट्रोलची एक छोटी वाटी असते आणि तिच्यातली पातळी फ्लोट व सुई मिळून राखतात. गाडी उभ्या चढाला लागली की वाटीतले पेट्रोल एका बाजूला सरकते. पातळी मुळात कमी ठेवलेली असेल तर जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) उघडे पडते आणि इंजिन उपाशी मरते, तेव्हा वास येत नाही. पातळी जास्त असेल किंवा सुई झिजून पूर्ण बंद होत नसेल तर पेट्रोल थेट घशात सांडते, इंजिन गुदमरते आणि वास सुटतो. आपली गाडी दुसऱ्या प्रकारची आहे. सातचे ॲव्हरेज आणि सकाळचा त्रास हेही बहुधा त्याच घरातले आहेत.

यात इथेनॉलचीही भर पडली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते (आपल्या भागातल्या साखर कारखान्यांचाही त्यात वाटा आहे, हा योगायोग). 1998 च्या गाडीतले रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधली रबरी सीले या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती. इथेनॉल त्यांना फुगवते किंवा कडक करते, टाकीत साठलेली घाण व गंज सोडवते आणि हवेतला दमट अंश ओढून घेते. पाटण-कोयनेच्या पावसाळ्यात तर हे विशेष जाणवते. शिवाय इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे जुन्या पेट्रोलच्या मापाने बसवलेल्या जेटमधून मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त असे) जाते आणि थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरते. कार्बोरेटरला हे कळण्याचा मार्ग नसतो. एमपीएफआय यंत्रणेत सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो जळलेल्या वायूवरून मिश्रणाचा अंदाज घेतो आणि ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. आजच्या इंधनाचा विचार करता एमपीएफआयच्या बाजूचा सर्वांत खरा मुद्दा मला हा वाटतो. जादा ताकद हा त्यानंतरचा.

म्हणून आधी हे करावे. टाकी उतरवून आतून धुऊन घ्यावी, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाचे घालावेत, यांत्रिक पंपाचा पडदा बदलावा आणि कार्बोरेटर पूर्ण खोलून सुई, सीट, ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा व गॅस्केटे नवी टाकून फ्लोटची पातळी मोजून लावावी. कार्बोरेटरच्या बुडाखालचे जाड गॅस्केट फाटून तिथून हवा ओढली जाते का, हेही पाहावे. त्याच वेळी इंजिन गरम असताना, चारही प्लग काढून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यावे. चार आकडे एकमेकांच्या जवळ, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोच्या फरकात असतील, तर आपले इंजिन अजून धडधाकट आहे आणि आजार केवळ कार्बोरेटरचा आहे. एखादा सिलिंडर बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वर आला तर रिंगा गेल्या आहेत, नाही आला तर व्हॉल्व्ह. रिंगा गेलेल्या इंजिनावर कार्बोरेटरसाठी खर्च करण्यात अर्थ नाही, आणि मगच इंजिन बदलण्याचा विचार रास्त ठरतो.

आता समजा, इंजिन बदलण्याचेच ठरले. तेव्हा कोणते घ्यावे, हे समजण्यासाठी जिप्सीच्या इंजिनांची परंपरा थोडी पाहावी लागेल. 1985 च्या अखेरीस जिप्सी आली तेव्हा तिच्यात 970 सीसीचे एफ10ए इंजिन आणि चार गिअर होते. 1996 मध्ये जिप्सी किंग आली, तिच्यात 1298 सीसीचे, आठ व्हॉल्व्हचे, कार्बोरेटरचे, सुमारे 60 अश्वशक्तीचे इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला. आपली गाडी ही. 2000 साली त्याच जिप्सी किंगमध्ये 1298 सीसीचेच, परंतु सोळा व्हॉल्व्हचे आणि एमपीएफआय असलेले जी13 बीबी इंजिन आले. त्याची ताकद 80 अश्वशक्ती होती आणि त्यासोबत ब्रेकला बूस्टरही (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) मिळाला. 2019 मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सी बंद होईपर्यंत मुख्यतः हेच इंजिन चालू राहिले.

याचा अर्थ, ज्यांच्याकडे 970 सीसीची जुनी जिप्सी आहे त्यांना इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही बदलावा लागतो, आणि गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा बॉक्स) यांच्यामधला आखूड शाफ्टही जुळवून घ्यावा लागतो. आपल्याला यातले बहुतेक काही करावे लागत नाही. आपले जुने इंजिन आणि नवे जी13 बीबी ही एकाच घराण्यातली असून पाच गिअरचा बॉक्स आपल्याकडे आहेच. या बाबतीत आपण नशीबवान आहात, आणि बहुधा म्हणूनच मिस्त्रींना काम सोपे वाटते.

पण एस्टीमचे इंजिन आणि जिप्सीचे इंजिन यांचे मूळ एक असले तरी मांडणी एक नाही. एस्टीम ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. तिचे इंजिन आडवे बसते. जिप्सीचे उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसते आणि त्याच्या खालून पुढचा ॲक्सल जातो. त्यामुळे ऑइलचे चेंबर, आतली ऑइल ओढणारी गाळणी, इंजिन फाउंडेशनच्या ब्रॅकेटी, इनटेक मॅनिफोल्डचे तोंड, पाण्याच्या पाइपांच्या दिशा आणि सायलेन्सरची सुरुवात, हे सर्व वेगळे निघते. एस्टीममध्ये रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तर जिप्सीत तो वॉटर पंपाच्या पुलीवर बसतो, म्हणजे वॉटर पंपही जिप्सीचाच हवा. चेंबर जिप्सीचे घातले आणि गाळणी एस्टीमची राहिली तर उभ्या चढावर ऑइलच ओढले जाणार नाही, आणि ते कळेल तेव्हा बेअरिंग गेलेली असतील. हे सर्व भाग जिप्सीचे मिळवून एस्टीमच्या ब्लॉकवर बसवता येतात, लोक बसवतातही. पण एकेक सुटा भाग शोधून जमवण्यात आठ दिवस कधीच संपतात. 2005 च्या पहिल्या स्विफ्टमध्येही हेच जी13 बीबी होते आणि ती इंजिने तुलनेने ताजी मिळतात, परंतु तिथेही मांडणीचा हाच प्रश्न आहे, आणि ईसीयू इमोबिलायझरशी (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेशी) बांधलेला असेल तर मूळ चावी व तिचा मॉड्यूल नसताना इंजिन सुरूच होणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा की इंजिन विकत घेऊ नका, गाडी विकत घ्या. 2000 नंतरची, अपघातात बॉडी गेलेली किंवा चेसिस गंजून संपलेली, पण इंजिन चालू स्थितीत असलेली एमपीएफआय जिप्सी शोधा आणि तिच्यातून इंजिनाबरोबर ईसीयू, संपूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर, पेट्रोलची टाकी व आतला पंप, परतीचा पाइप, रेडिएटर, एअर क्लीनर, ऑक्सिजन सेन्सरसह सायलेन्सरचा पुढचा भाग आणि ब्रेक बूस्टर असे सर्व एकाच गाडीचे काढून घ्या. सैन्याने बाद केलेल्या जिप्सी लिलावात निघतात, त्याही पाहता येतील, मात्र तिथे कागद अतिशय बारकाईने तपासावेत. इंजिन काढण्यापूर्वी ती गाडी चालवून पाहावी, निदान सुरू करून गरम होईपर्यंत ठेवावी. भंगाराच्या दुकानात फरशीवर ठेवलेले इंजिन हे बंद पाकीट असते. दाता गाडी, म्हणजे जिच्यातून भाग काढायचे ती, चालू असेल तर ती बाकी काही नाही तरी एवढे सिद्ध करते की हे वायरिंग, हा ईसीयू आणि हे सेन्सर एकमेकांशी बोलतात.

इथे एक आडवा विचार मनात येतो, तो लिहूनच टाकतो. अशी दाता गाडी मिळाली, तिचे कागद स्वच्छ निघाले आणि चेसिसही बरे असले, तर तिच्यातून इंजिन काढण्याऐवजी तीच दुरुस्त करून शेतावर न्यावी आणि वडिलांची जिप्सी तिच्या मूळ कार्बोरेटरवर, रविवारच्या फेरीपुरती ठेवावी, हे अधिक शहाणपणाचे नाही का? घरी जागा किती आहे आणि घरचे काय म्हणतील, हे मला ठाऊक नाही.

काम सुरू झाले की मिस्त्रींचा हात जिथे सर्वांत कमी वळलेला असतो ती जागा म्हणजे वायरिंग. एमपीएफआय इंजिन हे निम्मे लोखंडाचे आणि निम्मे तारांचे असते. मॅनिफोल्डमधला दाब, आत येणाऱ्या हवेचे तापमान, पाण्याचे तापमान, थ्रॉटल किती उघडले आहे, कॅमशाफ्ट कुठे आहे, ही माहिती ईसीयूकडे गेली तरच तो इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. यांतल्या एखाद्या सेन्सरची तार कापून डांबरी टेप गुंडाळून जोडली, तर गाडी पहिल्या दिवशी चालेल आणि पहिल्या पावसात मिसिंग मारू लागेल. हार्नेस, म्हणजे तारांचा हा एकत्र जुडगा, कापू देऊ नका. लांब पडला तर गुंडाळून बांधावा, आखूड पडला तर ईसीयूची जागा बदलावी. ईसीयू बॉनेटखाली न ठेवता केबिनमध्ये डॅशबोर्डखाली, जितका उंच बसेल तितका उंच बसवावा, कारण आपल्या वाटेवर ओढेही असतील. आपल्या गाडीचा स्पीडोमीटर केबलवर चालत असेल आणि दाता गाडीचा ईसीयू वेगाचा सिग्नल मागत असेल, तर त्याची सोय करावी. नाहीतर गाडी थांबताना रेस खाली-वर होत राहते आणि दोष भलत्याच भागात शोधला जातो. चेक इंजिनचा दिवा डॅशबोर्डवर जोडलाच पाहिजे आणि तपासणीचा कनेक्टर हाताला लागेल असा ठेवला पाहिजे. तो दिवा ‘उगाच लागतो’ म्हणून काढून टाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

आणखी एक छोटी गोष्ट, जिच्यापायी मोठी डोकेदुखी होते. जिप्सीची बॉडी चेसिसवर रबरी गट्ट्यांवर बसवलेली असते आणि इंजिनही रबरावर असते. म्हणजे इंजिन, चेसिस आणि बॉडी यांच्यातला विजेचा परतीचा रस्ता केवळ अर्थिंगच्या पट्ट्यांवर अवलंबून असतो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत त्या पट्ट्या गंजून गेलेल्या असतात. कार्बोरेटरच्या गाडीला त्याने फारसे बिघडत नव्हते, ईसीयूला मात्र बिघडते. बॅटरी ते इंजिन, इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते बॉडी अशा तीन जाड, नव्या पट्ट्या, रंग खरवडून उघड्या लोखंडावर बसवून घ्याव्यात. खर्च अगदी किरकोळ आहे.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र किरकोळ असे काहीच नाही, आणि इथे माझे म्हणणे थोडे कडक आहे. कार्बोरेटरला पेट्रोल पुरवणारा यांत्रिक पंप चौरस सेंटिमीटरला पाव ते 0.3 किलोच्या आसपास दाब देतो. एमपीएफआयच्या इंजेक्टरना तोच दाब अडीच-तीन किलोंचा लागतो, म्हणजे जवळजवळ दहापट. आपल्या गाडीचे जुने पाइप आणि स्क्रूने आवळायच्या साध्या क्लिपा या दाबासाठी नाहीत. पाइप फाटला तर पेट्रोल टपकत नाही, फवारते, आणि ते गरम सायलेन्सरवर फवारते. म्हणून टाकीपासून इंजेक्टरच्या रेलपर्यंत आणि परत टाकीपर्यंत सर्व पाइप, फिल्टर व क्लिपा इंजेक्शनच्याच दर्जाच्या हव्यात. पंपाची तार थेट इग्निशनच्या चावीवर जोडण्याची सवय काही गॅरेजांत आहे, ती चालवून घेऊ नये. मूळ मांडणीत पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात असतो. चावी फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि इंजिन फिरत नसेल तर थांबतो. गाडी उलटली आणि इंजिन बंद पडले तर पंपही बंद पडतो, तो याच व्यवस्थेमुळे. थेट तार जोडली की चावी चालू आहे तोपर्यंत पंप पेट्रोल ढकलत राहतो.

टाकीही दाता गाडीचीच हवी, असे वर लिहिले, त्याचे कारण आपल्या त्या दोन किलोमीटरच्या चढात आहे. पुष्कळ ठिकाणी जुनीच टाकी ठेवून बाहेर एक इलेक्ट्रिक पंप लटकवून देतात. सपाट रस्त्यावर ते छान चालते. पण एमपीएफआयच्या टाकीत पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी आडोशाची रचना असते. ती नसेल आणि टाकी पाव भरलेली असेल, तर उभ्या चढावर पेट्रोल मागे सरकते, पंप हवा ओढतो आणि इंजिन क्षणात बंद पडते. म्हणजे एवढा खटाटोप करून गाडी त्याच वळणावर, त्याच दगडापाशी थांबेल, फरक इतकाच की आता पेट्रोलचा वास येणार नाही. शिवाय इलेक्ट्रिक पंप पेट्रोलनेच थंड राहतो, तेव्हा वारंवार हवा ओढणारा पंप लवकर जळतो.

इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकची दोन्ही ऑइल सीले आणि क्लच प्लेट नवी टाकावी, हे मिस्त्रींना सांगावे लागू नये, पण सांगून ठेवावे. ब्रेककडे मात्र आवर्जून लक्ष द्यावे. साठाची ताकद ऐंशीवर जाते, म्हणजे एक तृतीयांशाने वाढते. कारखान्याने ती वाढवली तेव्हा ब्रेकला बूस्टर दिला होता. आपल्या गाडीत तो नसल्यास इंजिन बदलून बूस्टर न बसवणे म्हणजे कुंभार्ली घाट उतरताना पायाच्या ताकदीवर विसंबणे होय.

आता आरटीओ. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला (आरसीतला) तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा वेगळ्या इंधनासाठी मान्य संच बसवण्याची वेगळी तरतूद त्यात आहे, परंतु आपले प्रकरण त्यात मोडत नाही, कारण आपण इंधन बदलत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ लावताना, मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम 182-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘सगळेच करतात, कोणी विचारत नाही’ हे वाक्य गॅरेजात ऐकायला मिळेल. आपल्या गाडीची पंधरा वर्षांची मूळ नोंदणी 2013 मध्ये संपली असणार आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होत आले असणार, म्हणजे पुढची तपासणी 2028 च्या सुमारास आहे. त्या दिवशी निरीक्षक इंजिनाचा क्रमांक पाहील आणि आरसीशी ताडून पाहील. तेव्हा कोणीतरी विचारणारच आहे.

कोणते इंजिन घ्यावे याचे उत्तर इथे, कागदावर, ठरते. आरसीवर मेक, मॉडेल, इंधन, घनक्षमता, इंजिन क्रमांक व चेसिस क्रमांक असतो. एमपीएफआय जिप्सी किंगमधून काढलेले इंजिन बसवले तर मेक तेच, मॉडेल तेच, इंधन पेट्रोलच, घनक्षमता 1298 सीसीच राहते आणि बदलतो तो फक्त इंजिनाचा क्रमांक. निकामी झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच मेकचे व त्याच प्रकारचे इंजिन बसवणे ही कल्पना कायद्याला अपरिचित नाही. मोठ्या परिवहन ताफ्यांच्या मालकांसंदर्भात कलम 52 मध्येच ती याच शब्दांत आली आहे. तथापि सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय इंजिन हे आठ व्हॉल्व्हच्या कार्बोरेटर इंजिनाच्या ‘त्याच प्रकारचे’ मानायचे की नाही, हे आपण किंवा मी नव्हे, तर नोंदणी प्राधिकारी ठरवणार. म्हणून कराडच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जुने इंजिन निकामी झाल्याचे गॅरेजचे पत्र, कॉम्प्रेशनचे आकडे, आरसीची प्रत आणि बसवू इच्छिता त्या इंजिनाचा क्रमांक व स्रोत देऊन लेखी अर्ज करावा आणि लेखी परवानगी हातात पडेपर्यंत दाता गाडीला विसार देण्यापलीकडे काही करू नये. नाव-गाव आणि अटी लिहून घेतलेला विसार परत मिळू शकतो. कापलेले चेसिस परत जुळत नाही. परवानगी मिळून काम झाले की 14 दिवसांच्या आत आरसी सादर करून नवा इंजिन क्रमांक नोंदवून घ्यावा.

दाता गाडीच्या कागदांबाबत ढिलाई नको. तिची आरसी, विक्रेत्याची ओळख, रीतसर बिल आणि तिची नोंदणी रद्द झाल्याचा किंवा रद्द होत असल्याचा पुरावा, हे सगळे हवे. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या बॉनेटखाली निघाले तर आरटीओ हा सर्वांत लहान प्रश्न ठरेल. दुकानदार बिल द्यायला कांकू करत असेल तर तिथून उठावे. विमा कंपनीलाही बदलाची लेखी सूचना द्यावी, कारण अपघातानंतर सर्व्हेअर इंजिन क्रमांक लिहून घेतो, आणि पॉलिसीवर दुसराच क्रमांक असला तर दावा अडकतो. पीयूसीची काळजी करण्याचे कारण नाही. ऑक्सिजन सेन्सर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर असतील तर हे इंजिन 1998 च्या गाडीला लागू असलेल्या सैल मर्यादेच्या पुष्कळ खाली राहील.

चिरंजीवांचा बलेनोचा आग्रह मी समजू शकतो. 1590 सीसीचे, नव्वदीच्या घरातल्या अश्वशक्तीचे ते इंजिन याच घराण्यातले थोरले भावंड आहे आणि हौशी ऑफरोडिंगवाल्यांनी ते जिप्सीत घालून चांगले चालवलेले आहे. परंतु ते बसवताच आरसीवरची घनक्षमता खोटी ठरते, आणि तिथे ‘त्याच प्रकारचे इंजिन’ हा युक्तिवाद उरत नाही. शर्यतीच्या मैदानावर ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. आपली गाडी कराडच्या बाजारातून शेतावर जाणार आहे. आणि खरे सांगायचे तर लो गिअरमध्ये दोन किलोमीटर मुरमाचा चढ चढण्यासाठी साठ अश्वशक्तीही पुरेशी आहे; आपली अडचण ताकदीची कधी नव्हतीच.

मिस्त्रींनी दिलेल्या अंदाजात टाकी, पंप, हार्नेस, अर्थिंग, बूस्टर आणि आरटीओचे काम धरलेले आहे का, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. बहुधा त्यात इंजिन, मजुरी आणि ‘किरकोळ’ एवढ्याच ओळी असतील. कार्बोरेटर व टाकीचे काम मात्र त्यांच्याकडूनच, आत्ता, पावसाळ्याआधी करून घ्या. इंजिन पुढे बदलायचे ठरले तरी कॉम्प्रेशनचे आकडे अर्जासोबत लागणारच आहेत. ते आकडे मला कळवलेत तर पुढचे नेमके सांगता येईल.

आणि इंजिन बदललेच, तर जुने इंजिन मिस्त्रींना ‘बदल्यात’ देऊ नका, ते तशी मागणी करतील. आरसीवर ज्याचा क्रमांक आहे ते इंजिन, त्याच्या कार्बोरेटरसह, सिलिंडरमध्ये ऑइल सोडून, तोंडे बंद करून गोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात लाकडी पाटावर ठेवून द्या. नव्या क्रमांकाची नोंद आरसीवर उमटेपर्यंत, कागदोपत्री आपल्या वडिलांच्या जिप्सीचे इंजिन तेच आहे.